कमानीखालचं व्हायोलिन

—मशीन बंद करा म्हटलं ना, मुन्नालालभाऊ! पहिले ऐकून तं घ्या. आत माणूस आहे. कोण म्हणजे? माझा भाऊ, संघदीप. इथं गोंदियाजवळच्या गोरेगावच्या शाळेत चित्रकला शिकवते. सकाळी तुम्ही या जुन्या दगडी हॉलची मागची भिंत पाडाले घेतली, अन् हा समोरून आत घुसला, कडी लावून बसला. तुमच्या मालकानंच घरी माणूस पाठवला — अल्काबाई, भावाले बाहेर काढा, नाही तं पोलीस बोलवतो. पोलीस आले तं नोकरी जाईल त्याची. म्हणून धावत आली मी. काढते ना, काढते — वाजवून राहिला ते संपू द्या फक्त.

येऊन राहिलं ऐकू? व्हायोलिन होय ते. नाही, सिनेमातलं गाणं नाही — युरोपातलं संगीत आहे, तीनशे वर्षं जुनं. मले तरी कुठं समजत होतं! बोल नाही, तबला नाही, मंग मान डोलवावी कायच्यावर? रेल्वेतल्या गार्डाची बायको, गोरी मिस म्हणत तिले — तिचे सारे लोक विलायतेले निघून गेले तरी ती गोंदियातच राहिली. तिनं शिकवलं याले, याच हॉलमधी. बाबा लई चिडले — दुसऱ्याचं गाणं कायले घेऊन बसला? तं हा म्हणते, बाबासाहेबबी व्हायोलिन शिकले होते. दुसऱ्या दिवशी बाबानंच नव्या तारा आणून देल्या.

घरी वाजवावं म्हणता? घरी टिनाखाली सूर पडूनच जाते, भाऊ. इथं वर पाहा — नाही, या खिडकीतून पाहा — त्या कमानी. दगड दगडाच्या अंगावर रेलून उभा आहे, मधात एक खांब नाही. सूर वर जाते, कमानीत फिरते, खाली येते तवर याचा दुसरा निघालेला असते — अन् दोघं भेटतात. वाजवते एकटाच, पण वाटते दोघं बोलून राहिले. एक विचारते, दुसरा थांबून, विचार करून सांगते. पहिल्यांदा समजलं तं काटा आला अंगावर... कवा? ते — इथंच, या खिडकीखाली. एकदा नाही, भाऊ. दर इतवारी. नवऱ्याले सांगत होती बाजारात चालली, अन् इथं भिंतीले पाठ लावून बसत होती. थैलीत दोन वांगे टाकून घरी. संघदीपले आजही माहीत नाही — तुम्हाले काऊन सांगून राहिली मी?

अगं माय! ते काय पडलं? त्या मधल्या कमानीतून माती गळून राहिली — त्याच्या डोक्यावरच! संघ्या! सरक तिथून! — नाही ऐकत. वाजवते तवा त्याले काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही. हात नका लावू दरवाजाले, मी वाजवते कडी. संघ्या, अल्का होय मी, उघड... उघडलं. येऊन राहिली मी आत. कसा पांढरा झाला रे धुळीनं! ये, इकडं भिंतीजवळ ये, मधात नको उभा राहू — हो, इथं. आता वाजव. काय पाहतं? वाजव म्हटलं ना.

नाही भाऊ, नाही आणत त्याले बाहेर. मालकाले फोन लावा. म्हणा, एक होता, आता दोघं झाले. जा.