पान एकेचाळीस आणि लाल पेन्सिलीची रेघ

शुक्रवार, १२ फेब्रुवारी १९७१, दुपारी तीन वाजून दहा मिनिटे.

सन्माननीय अध्यक्ष महोदय, आजचे सत्कारमूर्ती आणि आम्हा सर्वांचे सर, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, संस्थेचे आजी-माजी सहकारी आणि सभागृहातील बंधुभगिनींनो,

तारीख आधी आणि मायना नंतर, हे चुकून झालेलं नाही. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी शिकवलं होतं की पत्रात आधी उजव्या कोपऱ्यात तारीख घालायची आणि मगच समोरच्याला आदर द्यायचा. आज माझ्या हातात पत्र नाही, भाषण आहे. तरी त्याला उत्तर हवं आहे, म्हणून तारीख. आजची नाही, अडतीस वर्षांपूर्वीची.

निमंत्रणपत्रिकेत माझ्या नावापुढे 'जुन्या आठवणी, सात मिनिटे' असं छापलं आहे. दोन वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले तेव्हा मला तीन मिनिटं मिळाली होती. म्हणजे बढती झाली म्हणायची.

सरांबद्दल चांगलं बोलायला मी आले आहे आणि तेच आधी बोलते. छत्तीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं. ते कधी उशिरा आले नाहीत. आवाज चढवून बोलले नाहीत. शिपायाच्या मुलीचा निकाल कधी लागतो हे त्यांना पाठ असायचं. दुसरं यंत्र मिळावं म्हणून ते वरच्या कचेरीशी चार वर्षं भांडले आणि मिळवूनच थांबले. यातला एकही शब्द मी परत घेणार नाही.

आता तरुण मंडळींसाठी थोडं जुनं सांगते. आज तुमच्या खिशात जो कम्प्युटर आहे त्याचं नाव आधी यंत्राचं नव्हतं. तो हुद्दा होता, माणसाचा, आणि बऱ्याच ठिकाणी बाईचा. ती दिवसभर बसून आकडेमोड करायची. मग यंत्र आलं. त्याने तिचं काम घेतलं आणि जाता जाता नावही घेतलं. नावं अशी सहज उचलता येतात, हे आमच्या क्षेत्राला पहिल्यापासून माहीत आहे.

आमचं यंत्र दुसऱ्या मजल्यावर, थंड खोलीत. आम्ही तळमजल्यावर पंचिंग रूममध्ये, पंख्याखाली. पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायची, ते पत्ते यंत्राला खायला घालायचे, की यंत्र कामाला लागायचं. यंत्राची देखभाल करणारे एक काका होते. त्यांनी आम्हा दोघींना नावं ठेवली. ती एकोणतीस वर्षांची, म्हणून थोरली. मी बावीसची, म्हणून धाकटी. आज मी साठीची आहे, पण तिच्यासाठी अजून धाकटीच.

तेव्हा एक काम आलं होतं. यंत्राला इंग्रजी जोडनामं समजावून द्यायची. दोन नामं शेजारी ठेवली की इंग्रजी मोकळी होते, मधलं नातं ती सांगतच नाही. कॉफी कप म्हणजे कॉफीसाठी कप. पेपर कप म्हणजे कागदाचा कप. आपल्याला हे कोणी शिकवावं लागत नाही. यंत्राला कोण सांगणार? वरच्या मजल्यावर मोठमोठ्या पदव्यांची माणसं महिनाभर फळ्यासमोर उभी होती.

उत्तर खाली सापडलं, डबा खाताना. थोरली मला म्हणाली, "धाकटे, प्रत्येक जोडीला आपण प्रश्न विचारू. कशाचं? कशासाठी? कशापासून? कुठलं? कोणाचं?" असे तिने नऊ प्रश्न काढले. मग चार महिने ती घरी जाताना शब्दांच्या याद्या घेऊन जायची आणि सकाळी प्रत्येक जोडीपुढे प्रश्नाचा आकडा लिहून आणायची. तिचा हुद्दा पंच ऑपरेटर. आकडे लिहायला तिला कोणी सांगितलं नव्हतं. नको असंही कोणी म्हटलं नाही.

प्रत्येक जोडीला दोन पत्ते. पहिल्यावर शब्द, त्याच्या पाठोपाठच्यावर उत्तर. हा क्रम मोडला की सगळं मोडलं. म्हणून पत्त्यांचा गठ्ठा ट्रेमध्ये नीट बसला की थोरली लाल पेन्सिल घ्यायची आणि वरच्या कडांवरून या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक तिरपी रेघ ओढायची. प्रत्येक पत्त्याच्या वाट्याला त्या रेघेचा एक ठिपका यायचा. रेघ सरळ दिसली की क्रम बरोबर. एक पत्ता जरी हलला तरी त्याचा ठिपका रांगेबाहेर उभा राहायचा. ही पंचिंग रूमची पद्धत होती, कुठल्या पुस्तकात नव्हती. सरांनी ती एकदा पाहिली आणि म्हणाले, संस्थेच्या सामानावर नक्षी काढत जाऊ नका. आम्ही मान डोलावली आणि रेघा ओढत राहिलो.

ही पहिली चिठ्ठी आली. 'कृपया आटोपतं घ्या.' सूत्रसंचालिकाबाई, अक्षर सुरेख आहे तुमचं.

तर १२ फेब्रुवारी. बाहेरून सहा पाहुणे आले होते. त्यांच्यासमोर यंत्राने जोडनामांची फोड करून दाखवायची होती. ट्रे वर नेणं थोरलीचं काम. पण पंचिंग रूमच्या बायका ट्रे वाहताना पाहुण्यांना जिन्यात दिसू नयेत म्हणून सर म्हणाले, ट्रे मी नेतो.

मी तेव्हा छपाईच्या कागदाचा गठ्ठा आणायला वरून खाली येत होते. जिन्याच्या वळणावर होते. सरांचा बूट पायरीला अडला आणि ट्रे कलला. पुढचे पत्ते दाबलेले होते ते जागेवर राहिले, मागचेही राहिले. मधले पाच-सहाशे पायऱ्यांवर पसरले. सरांनी भराभर गोळा केले. प्रत्येक पत्त्याचा एक कोपरा कापलेला असतो, सगळे एकाच बाजूला तोंड करून बसावेत म्हणून. सरांनी ते कोपरे जुळवले. गठ्ठा दिसायला अगदी शहाण्यासारखा झाला. ज्याने आयुष्यात एकही पत्ता पंच केलेला नाही, त्याला कोपरा जुळला म्हणजे क्रम जुळला असंच वाटणार.

मग त्यांनी वर पाहिलं. मी उभी होते. खाली पंचिंग रूममधलं घड्याळ दारातून दिसत होतं. तीन वाजून दहा मिनिटं.

वर यंत्राजवळ थोरली पत्ते घालायला थांबली होती. ट्रे तिच्यासमोर आला आणि तिने वरून एक नजर टाकली. मी दारात होते, मी ऐकलं. ती हळूच म्हणाली, "सर, मधले पत्ते विस्कटलेत. रेघ तुटली आहे. अर्धा तास द्या, मी लावून देते."

सर म्हणाले, "पाहुणे बसले आहेत. घाला."

तिने घातले.

पुढचं तुम्हाला संस्थेची गंमत म्हणून दरवर्षी सांगतात, माझ्यासमोरही सांगितलं आहे. एका पाहुण्याने बुकशेल्फ दिला, उत्तर बरोबर. कॉफी कप, बरोबर. टाळ्या पडल्या. मग फ्रूट नाइफ. यंत्राने छापलं, फळांपासून बनवलेली सुरी. गार्डन चेअर, बागेच्या मालकीची खुर्ची. हेअर ऑइल, केसांपासून काढलेलं तेल. पाहुण्यांतल्या एका बाईंच्या हसण्याने सुरुवात झाली आणि सहाही जण हसले. सर पांढरेफटक पडले. आणि त्या पांढऱ्या चेहऱ्याने म्हणाले, पंचिंगची चूक आहे.

चौकशी झाली. थोरली म्हणाली, ट्रे कुठेतरी सांडला आहे. सर म्हणाले, मी स्वतः आणला, सांडला नाही. थोरली म्हणाली, रेघ बघा. चौकशी समितीतले एक जण म्हणाले की पेन्सिलीची रेघ काय, कोणीही कशीही ओढेल. ट्रेला पुरावा म्हणून सील ठोकलं, आणि पुरावा म्हणून तो कोणी उघडून पाहिला नाही.

मग मला बोलावलं. जिन्यात काही पाहिलंस का, असं विचारलं. नोकरीत कायम व्हायला मला सहा दिवस उरले होते. घरात कमावती मी एकटी होते. हे कारण आहे, याला सबब म्हणून वापरणार नाही.

मी म्हणाले, "नाही."

थोरली माझ्या शेजारच्या खुर्चीवर होती. तिने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. तिला कळलं होतं.

तिच्या सेवापुस्तकात 'हलगर्जीपणा' असा शब्द लिहून तिला काढलं. तो शब्द वाचून पुढे कुठल्याच यंत्रखोलीने तिला दारात उभं केलं नाही. तिने घराच्या पुढच्या खोलीत तीस वर्षं टायपिंग शिकवलं. मला सहाव्या दिवशी कायम केल्याचं पत्र मिळालं, सरांच्या सहीचं. त्यानंतर सर माझ्याशी नेहमी चांगले वागले. का, ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. बरोबर ना, सर? पाणी प्या. घाई नाही.

दुसरी चिठ्ठी. 'वेळ संपली आहे.' ती अडतीस वर्षांपूर्वीच संपली, बाई. आणि ज्यांचा हात माइकच्या बटणाकडे जातो आहे त्यांना सांगते, शाळेच्या प्रार्थनेत माझा आवाज माइकशिवाय शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. अजून पोचतो.

आता तुम्ही विचाराल, आजच का? सत्काराच्या दिवशी का? मलाही शोभत नाही ते. पण दोन गोष्टी एकाच महिन्यात घडल्या.

पहिली, संग्रहालय समितीने कोठीघर साफ केलं आणि तो ट्रे निघाला. काकांनी तो कपाटाच्या तळाशी ठेवला होता, सील जसंच्या तसं. समितीच्या दोन सदस्यांसमोर सील तोडलं आणि मला ओळख पटवायला बोलावलं. समितीच्या बाईंनी विचारलं, हे लाल ठिपके कसले हो? आता तो ट्रे बाहेरच्या दालनात काचेच्या पेटीत आहे. आत येताना तुम्ही सगळे त्याच्यासमोरून आलात. चहाला जाताना जरा वाकून बघा. पुढे रेघ सरळ आहे. मागे सरळ आहे. मधे वीतभर जागेत ठिपके सांडल्यासारखे पसरले आहेत. आणि प्रत्येक पत्त्याच्या कडेला एक बारीक खाच दिसेल. एकीने पंच केलेलं दुसरीने पुन्हा पंच करून ताडून पाहायचं, दोन्ही जुळलं तरच यंत्र ती खाच पाडायचं. त्या खाचा माझ्या हातच्या आहेत. मी एकूण एक पत्ता मोजला. बिनखाचेचा एकही नाही. पंचिंगमध्ये चूक नव्हती.

दुसरी गोष्ट, संस्थेच्या इतिहासाची छापायला जाणारी पानं मला तपासायला आली. मुख्य संपादक, आपले सर. पान एकेचाळीस. 'प्रात्यक्षिक ऑपरेटर एररमुळे फसले. तथापि सरांनी शोधलेली नऊ प्रश्नांची पद्धत पुढे सर्वत्र वाखाणली गेली.' दोन वाक्यं. पहिल्यात सरांची चूक थोरलीला दिली आहे आणि दुसऱ्यात थोरलीचं काम सरांना.

ऑपरेटर एरर. हेही जोडनामच की. थोरलीच्या पद्धतीने त्याला विचारून बघा, कोणाची? कोणी केलेली? कोणावर ठेवलेली?

मी ते पान घेऊन तिच्या घरी गेले. अडतीस वर्षांनी. माफी मागायची होती, पण जिना चढताना शब्द विसरले. तिने पान वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, "मला फुलं नकोत आणि व्यासपीठही नको. हे पान बदलायला सांग. माझ्या नातीला हे पुस्तक वाचनालयात सापडेल." मग म्हणाली, "आणि धाकटे, यावेळी विचारलं तर नीट सांग."

ती आज सभागृहात आहे. वळून बघू नका. तिला ते आवडणार नाही.

सर, तुम्ही वाईट माणूस आहात असं मी म्हणत नाही. घाबरलेला माणूस होतात, आणि मीही होते. तुमचं भय तेव्हाच सरलं, कारण मी गप्प राहिले. तिचं मात्र नाव गेलं. आज तुम्ही खुर्ची सोडताय, आता तुमच्याकडून कोणी काही काढून घेऊ शकत नाही. मग भीती कशाची?

आयोजकांनी मला बोलावलं, माइक अजून चालू ठेवला, त्यांचे आभार. अध्यक्ष महोदय, आपण मला अडवलं नाहीत, आपले विशेष आभार. सभागृहात एक खोकलासुद्धा ऐकू आला नाही, याबद्दल तुम्हा सगळ्यांचे. बोलण्याच्या भरात मर्यादा सुटली असेल तर ती माझ्या वयावर घाला. पण १९७१ साली जे बोलले नाही, त्याची क्षमा तुम्ही देऊ नका. ती तुमच्या हातात नाही.

पुस्तक मंगळवारी सकाळी छापायला जातं. पान एकेचाळीसचा सुधारलेला मजकूर, त्यात ट्रे कोणाच्या हातून सांडला आणि नऊ प्रश्न कोणी काढले हे स्पष्ट लिहून, खाली सरांची सही, मला सोमवार, २३ नोव्हेंबर, सायंकाळी पाच वाजेपर्यंत हवा आहे. लेखी. माझ्या घरचा पत्ता कार्यालयात आहे. फोन करू नका, मी उचलणार नाही. पाच वाजून एक मिनिटाने माझी साक्ष, तारीख आणि वेळेसह, छापखान्यात आणि चौकशीच्या फायलीत दोन्हीकडे जाईल. ती लिहून तयार आहे.

आणि यावेळी मी म्हणाले आहे, "हो, पाहिलं."