टेपचे बारा वेढे

गॅरेजात मी स्कूटरची वाट बघत बसलो होतो. शेजारी टेम्पोला बांधून आणलेली लाल गाडी उभी होती. बॉनेटखाली मेकॅनिक स्टॅनी वाकला होता. गाडीचा मालक फ्लॉईड आणि वसईजवळच्या वटार गावात केळीची वाडी असलेले त्याचे वडील स्टॅनीच्या डोक्यावर उभे होते.

"फ्लॉईड, हा ऑइल कूलर तू बसवलास ना? मग जॉइंटला ही पांढरी टेप कशाला?"

"मी नाही लावली."

"मी लावली. थेंब थेंब गळत होतं. वाडीतल्या पाइपांना चाळीस वर्षं लावतोय."

"पप्पा, त्यातून पाणी जातं! इथे इंजिनचं तेल फिरतं."

"तेल पाण्यापेक्षा घट्ट. उलट कमी गळेल."

"अंकल, टेपचा तुकडा आत गेला तर तेलाची वाट बंद. इंजिन कोरडं फिरून जाम होतं. वेढे किती दिले होते?"

"बारा. कंजूषपणा कशाला?"

"इथे सातच आहेत. पुढचं टोक फाटलंय."

"स्टॅनी, रविवारी मला रेसला जायचंय रे."

"रविवार सोड. इंजिन चालू झालं नसेल, तर वाचलास. तुकडा पाइपातच सापडेल."

"गळतंय म्हणून मी किल्लीच लावली नाही. पप्पा, तुम्ही?"

"मला कुठे गाडी चालवता येते?"

"चालवलीत का ते नाही विचारत. चालू केलीत?"

"एकदाच. गळती थांबली की नाही, बघायला नको?"

"किती वेळ?"

"मम्मीची रोझरीची अख्खी माळ जपून होईपर्यंत. पण थांबली हो! एक थेंब नाही."