कॉलेजमागचा डोंगर

कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण शहरातल्या सगळ्या कॉलेजांच्या एकत्रित प्रवेशाच्या रांगेत पुढच्या बापलेकीचं बोलणं ऐकता ऐकता म्हाताऱ्या शिंप्याला आपण नातवाच्या अर्जासाठी आलोय याचाच विसर पडला.

"मोठ्या कॉलेजची फी आपल्याला झेपणार नाही, पोरी. पण त्या स्वस्तातल्या कॉलेजच्या मागेच डोंगर आहे."

"तुम्ही पाहिलात?"

"नुसता पाहिला? रविवारी चढून आलो! घार माझ्या पायाखालून उडत गेली."

"असा गुडघा घेऊन?"

"अगं, गुडघाच माझ्यापुढे पळत होता! वर एवढी गर्द झाडी, की भर दुपारी कंदील लागावा. तुझ्यासारख्या रानोमाळ हिंडणारीला आणखी काय हवं?"

"बरं. तिथेच नाव घाला."

"पटलं ना?"

"पटलं. पदवी झाली की वकिली शिकेन आणि त्या डोंगरासाठी कोर्टात उभी राहीन."

"डोंगरासाठी कोर्टात कशाला?"

"बाबा, शनिवारी मी जाऊन आले तिथे. अर्धा डोंगर खाणीनं खाल्लाय."

"वरच्या बाजूला असेल गं झाडी..."

"वर एक झाड उरलेलं नाही. तुम्ही गेलाच नव्हता, बाबा."