बेसचा बॉक्स आणि अब्बा

मी मूळची पलूसची, ताई. अब्बांचा बँड हुता, लग्नाच्या वरातीत वाजवनारा, लाल कोट आनि खांद्यावर सोनेरी गोंडं. अब्बा स्वतः क्लॅरनेट वाजवायचे, म्हंजे गान्यातले शब्द ते त्या काळ्या नळीतनं म्हनायचे आनि लय झ्याक म्हनायचे, पार आटपाडीपतोर लोक त्यास्नी नावानं बोलवायचे. घरात सकाळी चहाच्या आधी क्लॅरनेट. भाऊ ट्रम्पेट शिकला, मला कुनी शिकवलं न्हाई, पोरीनं वरातीत कुठं वाजवायचं, पन ऐकायला कोन अडवनार हुतं, भाकरी थापता थापता मी सगळी गानी पाठ केली. आनि बँडात एक थोरलं पितळी भोंगं असतंय बगा, गळ्यात अडकवायचं, भों भों करनारं, ते अब्बा कुनाला द्यायचे तर ज्याला दुसरं काय बी जमत न्हाई त्याला. ह्याच्या गळ्यात भोंगं घाला, असं म्हनायचे आनि सगळे हसायचे. मी पन हसायची.

मग माझं लगीन झालं, सांगलीत आले. आमचं मालक सलीम, वडापची जीप चालवत्यात, सांगली-पलूस, सांगली-तासगाव, मिळंल ते शीट. तिकडं गावात डीजे आला आनि अब्बांचा बँड बंद पडला, कोट ट्रंकेत गेले. अब्बा घरीच वाजवायचे, स्वतःपुरतं.

आमच्या गल्लीत सुरेखा मॅडम हायेत, शाळेत संगीत शिकवायच्या, रिटायर झाल्या तवा त्यांनी बायकांचा ऑर्केस्ट्रा काढला. हळदीकुंकू, बारसं, डोहाळजेवन, बचत गटाचा मेळावा, असलं छोटं छोटं, पन्नास-शंभर मानसं, आनि सगळं दुपारचं, कारन मॅडम जैन, दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवन झालं पायजे. मी गेले हुते गायला. माझा आवाज घोगरा, मॅडमनी एक कडवं ऐकलं आनि म्हनल्या, रजिया, तू बस जरा. गायला सात जनी तयार, आनि कोपऱ्यात एक गिटार पडलेली, चार जाड तारांची, तिला कुनी हात लावीना. मॅडम म्हनल्या ही बेस गिटार, गान्याच्या खालनं चालती, हिच्याबिगर गानं तरंगतंय नुसतं. मी घेतली. आनि काय सांगू तुमास्नी, बोट ठेवलं आनि मला कळलं ही कुठं जानार ते, मला ठावं हुतं सगळं, भोंगंवाला जायचा तितंच तर जायचं हुतं.

घरी सासूबाईंनी इचारलं, काय वाजिवतीस गं? म्हनलं, बेस. त्या म्हनल्या, बेस वाजिवतीस ते बेसच हाय, पन वाजिवतीस काय? म्हनलं, आवं आत्या, बेसच. तर त्या फुगल्या, गल्लीभर सांगत सुटल्या, आमची सून लय बेस वाजिवती म्हनं, पन काय वाजिवती ते इचारलं तर सांगत न्हाई, एवढा ताठा.

सासूबाईंचं हसून सोडलं. अब्बांचं सोडता आलं न्हाई. अब्बा म्हनले, म्हंजे भोंगंच की. तुला दुसरं काय जमलं न्हाई म्हनून दिलं व्हय? एवढंच म्हनले आनि पान लावत बसले. मी त्या दिवशी ठरवलं, एक डाव अब्बांनी माझं ऐकलं पायजे. माझं, गानारीचं न्हाई.

पैल्या कार्यक्रमाला सांगलीत त्यास्नी पुढच्या खुर्चीत बसवलं. झाल्यावर म्हनले, गानारीचं ऐकलं, ढोलकीचं ऐकलं, मॅडमच्या कीबोर्डाचं ऐकलं, तू नुसती उभीच हुतीस की. आनि ते खरंच हुतं. माझी गिटार मॅडमच्या कीबोर्डच्या स्पीकरला जोडलेली, तो एवढासा, वाढवला की फर्रर्र करायचा, आनि पुढच्याच हळदीकुंकवाला त्याचा पडदा फाटला. खालच्या सुराला पडदा लय आतबाहेर हलतोय, लहान स्पीकरला ते झेपत न्हाई, हे मला फाटल्यावर कळलं. मॅडम चार दिवस माझ्याशी नीट हसल्या न्हाईत.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. साताऱ्याला एका रिटायर सुभेदारांची एकसष्टी हुती, बंगल्याच्या हॉलात, साठ-सत्तर मानसं. मी सलीमला म्हनलं डीजेवाल्याचा थोरला बेसचा बॉक्स भाड्यानं आन. सलीम म्हनला, अगं एकसष्टी हाय, वरात न्हाई. म्हनलं तू आन. आनि अब्बांना पन संगं घेतलं, जीपमध्ये जागा हाय म्हनून. तो बॉक्स म्या ठेवला कोपऱ्यात, आडवा येऊ नये म्हनून, आनि तितंच चुकलं. कोपऱ्यात ठेवला की दोन्ही भिंती मिळून घुमवत्यात. आनि खालच्या सुराचं असं हाय ताई, जवळ उभ्या असनाऱ्याला तो नीट ऐकू येत न्हाई, लांबच्याला दनका बसतोय. मला ऐकू ईना म्हनून मी वाढवते, लांबच्यांच्या छातीत धडधडतंय, मी आनिक वाढवते. सुभेदारांच्या काचेच्या कपाटात त्यांची मेडलं, ती नाचाय लागली. गानारी तोंड उघडती, मिटती, ऐकू काय येत न्हाई. सुभेदारीनबाईंनी हातातली ताटली खाली ठेवली आनि माझ्याकडं बघत ऱ्हायल्या. आनि अब्बा उठले. गान्याच्या मधनंच उठले, बाहेर जाऊन जीपमध्ये बसले.

परत येताना कराड गेल्यावर अब्बा म्हनले, गान्याच्या छातीवर बसलीस. मी खिडकीकडं तोंड करून रडले. सलीमनं टेप लावला, मग बंद केला.

पन रडून काय हुतंय, बॉक्स तर घ्यायचा हुता. मी आनि सलीम दुकानात गेलो, तर दुकानदार सगळं सलीमला सांगतोय, साहेब हा तीनशे वॉट, साहेब हा पाचशे. सलीम म्हनला, मला सांगू नगा, मी वडापवाला हाय, वाजिवनारी ही. मग मी काय केलं, आधी उचलून बघितलं. दुकानदार हसला. हसू दे की, हॉल दुसऱ्या मजल्यावर असला तर जिना मला चढायचाय, आनि पातळ नेसून चढायचाय. दोन जागचे हाललेच न्हाईत, सोडले. एक उचलला, बारा इंची स्पीकर, शंभर वॉटचा, जड हाय पन एका हातानं दारापतोर नेता येतोय. मग म्हनलं लावा. सगळ्यात जाड तार जोरात वाजवली, आवाज निम्म्यावर ठेवून, सूर थरथरला न्हाई, फाटला न्हाई. मग दुकानातली लांब वायर मागितली आनि वाजवत वाजवत बाहेर रस्त्यावर गेले. दुकानदार ओरडला, ताई कुठं निघालाव? हे अब्बांचं बघितलेलं. वरातीत ते मधी थांबायचे, क्लॅरनेट काखेत मारायचे आनि चालत पार मागं जायचे, शेवटच्या वऱ्हाड्यापाशी उभं ऱ्हाऊन बँड ऐकायचे आनि मग पुढं येऊन सगळ्यास्नी झापायचे. आपल्या कानाचं खरं न्हाई, असं त्यांचं. तर मी रस्त्यावर उभी, रिक्षा जातायत, आनि माझा सूर दुकानातनं गोल, सुटा सुटा बाहेर येतोय. तोच घेतला.

आता मी सांगते, हे कुनी मला शिकवलेलं न्हाई. बॉक्स जमिनीवर ठेवायचा न्हाई, खुर्चीवर ठेवायचा, मग तो पायाशी न घुमता कानाशी बोलतोय आनि आवाज कमी ठेवला तरी पुरतोय. भिंतीपासनं दोन हात पुढं. खालच्या सुराचं बटन उगं पिरगाळायचं न्हाई, सगळे तेच करत्यात, उलट मधलं जरा वाढवायचं, मग बोट कुठं पडलं ते कळतंय. गिटारीची वायर आवाज शून्यावर असतानाच काढायची-घालायची, न्हाईतर फाडकन वाजतंय आनि बारशाचं पोरगं दचकून रडाय लागतंय, झालंय एकदा. आटपाडीला एका कार्यालयाला पत्रा हाय, तो एका ठराविक सुरावर थरथरतोय, मी तितं तो सूर वरनं घेते, पत्र्याशी भांडत न्हाई. आनि कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी लांब वायर लावून शेवटच्या खुर्चीपतोर वाजवत जाते. मॅडम म्हनत्यात, रजिया निघाली वरातीला.

सगळं असं बसलं, नाव झालं, पन अब्बा येत न्हाईत. चार वर्सं बोलावते. तासगावला या म्हनलं, न्हाई. पलूसमध्येच हाय म्हनलं, तरी न्हाई. ऐकलंय की तुझं, एवढं म्हनायचे आनि तोंड फिरवायचे. मला वाटायचं साताऱ्याचं धरून बसलेत. मी पन त्यांचीच पोरगी, मी पन रुसले. फोन केला तर मा, म्हंजे माझी आई, तिच्याशीच बोलायची, अब्बांना दे म्हनायची न्हाई. क्लॅरनेट पन वाजवनं सोडलंय असं मा म्हनाली, मला वाटलं म्हातारपन.

एक दिवस माचा फोन, म्हनाली, रजिया, ह्यास्नी कुकरची शिट्टी ऐकू येत न्हाई गं. कुकर त्यांच्या शेजारी बोंबलतोय आनि हे पेपर वाचतायत, आनि रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला की मात्र म्हनत्यात, कोन रं एवढ्या सकाळी. सांगलीला डॉक्टरकडं आनलं. डॉक्टरांनी कानात मशीन लावून तपासलं आनि म्हनले, बारीक, वरचे आवाज गेलेत, चार-पाच वर्सं झाली असतील, खालचे बऱ्यापैकी शाबूत हायेत. अब्बा खाली बघत बसलेले. मी इचारलं, अब्बा, क्लॅरनेट? तर हळूच म्हनले, कुनीतरी दुसऱ्या गावात वाजवतंय असं येतंय. माझी चार वर्सं माझ्या डोळ्यापुढनं गेली. मानसाला ऐकू ईना म्हनून तो येत नव्हता, आनि मी रुसून बसले हुते. मला माझीच लाज वाटली, अजून वाटती. कानातलं मशीन दिलं, ते त्यांनी आठ दिवसांत कपाटात टाकलं, म्हनले भांडी आपटल्यागत येतंय सगळं.

मग गेल्या वर्षी भाचीची ओटी भरायची हुती, भावाच्या लेकीची, पलूसलाच, घरापुढं मांडव. ऑर्केस्ट्रा आमचाच. अब्बा घरातनं जानार कुठं, बसले मागं, शेवटच्या रांगेत, पान लावत. मला काय आशा नव्हती ताई, खरं सांगते, आता अब्बा आपलं ऐकतील हे मी मनातनं काढूनच टाकलं हुतं. पोटुशी पोर म्हनून आवाज बेतानंच ठेवला. तीन-चार गानी झाली. मग मॅडमनी एक जुनं गानं घेतलं, अब्बांच्या बँडातलं, त्यात दुसऱ्या कडव्याला एक अवघड वळन हाय, आनि तितं माझं लक्ष गेलं भाचीकडं, ती हसली म्हनून मी हसले, आनि अर्धी मात्रा आधीच उतरले. कुनाला कळलं न्हाई. मॅडमना कळलं न्हाई, गानारीला कळलं न्हाई. टाळ्या पडल्या.

जेवनं झाल्यावर मी वायर गुंडाळत हुते. अब्बा काठी टेकत आले, बॉक्सवर हात ठेवला आनि मोठ्यांदा, ऐकू न येनाऱ्याचं बोलनं मोठ्यांदाच असतंय, सगळ्या बायकांसमोर म्हनले, दुसऱ्या कडव्याला घाई केलीस. असली घाई माझ्या भोंगंवाल्यानं केली असती तर कोट उतरवून घेतला असता.

मी वायर टाकून दिली आनि रडाय लागले. मॅडम धावत आल्या, म्हनल्या, आवं चाचा, एवढ्या कार्यक्रमात बोलायचं का पोरीला! त्यास्नी काय ठावं. नऊ वर्सं वाजवते मी ताई, झ्याक झालं म्हनाय लय जन येत्यात, माझी चूक कुनी काढली नव्हती. चूक काढायला आधी सगळं ऐकावं लागतंय की.

आता दर शुक्रवारी मी सलीमच्या जीपमधनं पलूसला जाते, बॉक्स घेऊन. अब्बांच्या खाटंजवळ खुर्चीवर ठेवते. मी खालचं वाजवते आनि वरचं गानं अब्बा मनातल्या मनात घेत्यात, बोटं गुडघ्यावर चालतायत त्यांची, क्लॅरनेटची बोटं. चुकले की गुडघ्यावर थाप मारत्यात आनि पुन्ना पैल्यापासनं. मा म्हनती, पोरगी एवढ्या लांबनं येती, जरा गोड बोला. तिचं ते त्यास्नी ऐकू येत न्हाई, आनि बरं हाय येत न्हाई ते. वरचं गेलं त्याला काय करनार, उमर झाली. मी अल्लाकडं एवढंच मागते, त्यांच्या कानात हे खालचं तेवढं ऱ्हाऊ दे, आनि त्यांनी मला असंच झापत ऱ्हावं.