बुडालेल्या आया

विज्ञानाला कुणाशी वैर नसतं, असं अहवालाच्या पहिल्याच पानावर छापलं होतं. कॅनडाच्या उत्तरेला, बर्फाळ बॅफिन बेटावरच्या विमानतळावर म्हातारे शिकारी तागाक तोच अहवाल मुठीत चुरगाळून संशोधक कोरीनच्या मागे रांगेत उभे होते. तिकिटं तपासणाऱ्या नुविआने कान टवकारले.

"पोरी, सीलच्या आया धष्टपुष्ट आहेत, असं लिहिलंयस?"

"काका, तुम्हीच आणून दिलेल्या तीस मोजल्या. सगळ्यांची चरबी उत्तम."

"मग पिल्लं हाडकुळी का?"

"तेच तर कोडं आहे."

"डोंबलाचं कोडं. आईच्या अंगावर चरबी नसेल तर दूध काय तुझ्या कागदातून येणार?"

"पण रोडावलेली आई एकही मिळाली नाही."

"मिळेल कशी? गोळी लागली की गुबगुबीत सील तरंगते, रोड सील तळाला जाते. आम्ही तरंगलेल्याच आणल्या."

"हे आधी सांगायचं ना, काका."

"तीनदा सांगितलं. तू म्हणालीस, किती छान लोककथा. आता या कागदाच्या जोरावर खाणीतलं लोखंड नेणारी जहाजं पिल्लांचा बर्फ फोडत जाणार. माझी नातवंडं खाणार काय, लोखंड?"

"बुडालेल्यांचीही नोंद घेऊ. शब्द देते."

पुढच्या विमानाने नुविआकडे शिकाऱ्यांनी भरायचे नवे फॉर्म आले. त्यात एक रकाना वाढला होता: बुडालेल्या सीलचं वजन, किलोमध्ये.