अंदमानात आमी दोघंच

काय सांगू तुमाला ताई, माझं म्हायेर भूमकडचं, दिलं हिकडं सोनारीला. आमी धनगर माणसं. लगीन झालं आन् ह्यांची नीट वळख व्हायच्या आत दिवाळी आली, हे मेंढरं घिऊन गेले. दिवाळी झाली की जायचं, पाऊस लागला की यायचं, अशीच रीत. बाकीच्यांच्या बाया जातेत संगं, मुक्कामावर भाकरी टाकायला, पर माझ्या सासूला डोळ्यानं दिसत न्हवतं, मंग मला घरी ठिवलं आन् थोरली जाऊ जायाची. दीर, जाऊ आन् हे. मंग कसं झालं, ह्यांना भाकर कसली लागती, ताप आला तर काय करतेत, ते समदं जावंला ठावं, मला न्हाय. म्या आपली सासूला हाताला धरून न्यावं, थोडं रान हाय ते बघावं, पोराला शाळंत धाडावं. एकच पोरगं, नामदेव.

त्यो गाड्या दुरुस्त करायचं शिकला आन् कुणाच्या वळखीनं पार अंदमानला गेला कामाला. हिकडं सासू गेली, दीर गेले, ह्यांचे गुडघे गेले, मंग मेंढरं इकली. इकून पंधरा दिस झाले न्हाईत तर पोरगं फोनवर म्हणलं, आई, आबाला घिऊन ये, समुद्र बघा, जिंदगीत कवा कुठं गेलाव तुमी. तिकिटं त्येनंच काढली, पुतण्यानं हैद्राबादला इमानात बसवून दिलं. इमानातनं बघावं तर खाली नुसतं पाणी, पाणी, किती बघावं.

चैताचे दिवस व्हते. आपल्याकडं चैतात गवताची काडी न्हाय, फुफाटा नुसता, आन् तिथं उतरलो तर समदं हिरवंगार, अंगाला घाम चिकटतोय, आन् वारा असा खारट की व्हट चाटले तरी चव लागती. ह्यांनी समदीकडं बघितलं आन् म्हणले, एवढं गवत आन् खायाला कुणी न्हाय. पोरगं हासलं. समुद्रावर नेलं आमाला, म्हणलं, आबा, लाटा बघा, मेंढरावानी येतेत का न्हाय? हे म्हणले, मेंढरं माणसाला वळखतेत बाबा.

पोरगं चार गड्यांत एका खोलीत ऱ्हातंय, म्हणून आमाला समुद्राजवळ खोली करून दिली, बंगाली बाईच्या घरात. त्यो रातच्याला डबा घिऊन यायचा, दिसभर काम. मंग दिसभर आमी दोघंच. आता हसाल तुमी, पर एवढ्या वरसांत एका खोलीत आमी दोघंच असं कवाच न्हवतो. घरी सासू, पोरगं, मागनं जाऊ, पुतण्या, पै-पाव्हणं. तिथं कोन? म्या पलंगावर बसायची, हे दाराजवळ भुईवर. भात खाल्ला का? खाल्ला. झालं, संपलं बोलणं. मंग समुद्राचा आवाज ऐकत बसायचं. म्या मनात म्हणायची, आता काय इचारू ह्यांना, परक्या पाव्हण्याला इचारावं तसं वाटायचं.

एक दिवस सकाळीच हे उठून गेले. म्हणलं येतील. ऊन डोक्यावर आलं, न्हाईत आले. पोराचा फोन लागंना. म्या घाबरी झाले, त्या बाईकडं गेले, मोडक्या हिंदीत म्हणलं, मेरा आदमी गया. ती भली बाई, इचारती, दिखने में कैसा है? आन् ताई, मला सांगताच येईना. फेटा म्हणावं तर फेटा खुटीलाच. उंच म्हणू का ठेंगणे? सदरा कसला घातला व्हता? इतकी वरसं ह्यांचं कुकू लावलं म्या, आन् माणूस कसा दिसतोय ते तोंडातून निघंना. लई रडू आलं.

तशीच निघाले डांबरी रस्त्यानं. नारळाची झाडं, मासळीचा वास, माणसं बघायली माझ्या लुगड्याकडं. रस्ता पार खडकाला जाऊन संपतोय, तिथं हे बसलेले. म्हणलं, सांगून जायचं का न्हाय? तर म्हणले, चालावं म्हणलं जरा. पर हितं कुठं बी चाललं तरी म्होरं पाणीच येतंय. चेहरा असा बारीक झाल्ता ह्यांचा. मंग म्हणले, आगं, रानात एकट्यानं राती काढल्या म्या, पर असं एकटं कवा वाटलं न्हवतं.

म्हणलं, मला वाटलंय.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. म्हणले, कवा?

कवा, म्हणले! राग आला न्हाय ताई, राग यायचं वय गेलं. म्या बसले तिथंच खडकावर आन् सांगत गेले. नामदेव झाला तवा तुमी न्हवता, धा दिसांनी निरोप गावला तुमाला. सासू गेली तवा तुमी गोदाकाठाला. संक्रांतीला बाया नटून देवळात जायच्या, म्या चुलीम्होरं सासूशी बोलायची आन् सासूला कानानं बी ऐकू येईना. समदं सांगितलं. हे ऐकत व्हते. मधी एकदा व्हय म्हणले.  मंग उठले, गुडघा धरून, माझ्या म्होरं चालाय लागले.

आलो परत. नामदेव तिथंच हाय, पोटाला मिळतंय, भैरोबा त्येला सुखात ठिवो, म्हातारपणी आमी त्येला वढून आणणार न्हाय. गावात माणसं इचारतेत, काय बघितलं, तर हे इमानाचं रंगवून सांगतेत. म्या बी म्हणते, लई छान हाय.

आता हे बारा म्हैने घरीच. म्या सैपाकाला, हे वट्ट्यावर. कवामवा हाक मारतेत, आगं, म्हणून. म्या हात पुसत जाते, तर काम काय नसतंय. बस, म्हणतेत. बसते. बोलणं असं काय व्हत न्हाय.