पेट्रोलचा वास

मी बोटीत बसून पेट्रोल का भरत न्हाई, विचारता ना? सांगतो.

तेलगावचा दत्ता. त्याचा धाकटा भाऊ धरणातली पाण्याची मोटार काढायला उतरला आन् वर आलाच न्हाई. माझी मासे धरायची बोट होती, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी, दत्ता आन् इंजिनाचे मिस्त्री सलीमभाई शोधायला निघालो. धरणाच्या मधोमध टाकीतलं पेट्रोल संपलं.

सलीमभाई म्हणले, "वल्ही मारत काठाला जाऊ. इंजिन गार होऊ द्या, मग टाकी खाली उतरवून भरू."

"माझा भाऊ पाण्यात हाय आन् तुमी काठाला जाता?" दत्तानं पेट्रोलचा कॅन स्वतःच उचलला आन् टाकीत ओतू लागला. बोट हलत होती. निम्मं पेट्रोल त्याच्या हातांवर आन् बोटीत सांडलं.

"आता इंजिनाला हात लावू नका," सलीमभाई म्हणले. "एक ठिणगी पडली तर आपण तिघं बी जाऊ."

फडक्यानं पुसून घेतलं आन् वल्ही मारत निघालो. काठाजवळ पाण्यात बुडालेल्या बाभळी हायेत, तिथं वल्ह्याला काहीतरी मऊ लागलं. शर्टावरून दत्तानंच ओळखलं.

आमी दोघं उचलायला वाकलो. दत्ता मात्र दुसऱ्या बाजूला हात धूत बसला. चोळायचा, हुंगायचा, परत चोळायचा.

"दत्ता, धर की," मी म्हणलो.

"पेट्रोलचा वास जाईना," तो म्हणला. "ह्या हातानं कसं धरू त्याला?"

सलीमभाईंनी त्याचे दोन्ही हात धरले आन् भावाच्या खांद्यावर नेऊन ठेवले.